ऑनलाइन साधनांचे संदर्भ कसे नोंदवावेत

लेखनात संदर्भ दिला जातो तो प्रामुख्याने वाचकासाठी. लेखकाने ज्या मजकुराच्या आधारे विधान केले, नेमक्या त्याच मजकुरापर्यंत वाचकाला पोहोचता यावे आणि विधान खरे आहे की नाही हे त्याला स्वतः पडताळता यावे, हा संदर्भाचा पहिला हेतू होय. मूळ लेखकाचे श्रेय त्याला देणे हा दुसरा. छापील ग्रंथाच्या बाबतीत हे काम तुलनेने सोपे असते, कारण ग्रंथाचे नाव, आवृत्ती, प्रकाशनवर्ष आणि पृष्ठक्रमांक दिला की खानदेशातील रावेरच्या वाचनालयातील प्रत आणि पुण्याच्या वाचनालयातील प्रत यांत काही फरक उरत नाही. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर वाचलेल्या साधनाला ही स्थिरता नसते. त्याचा पत्ता बदलू शकतो, पत्ता तोच राहून मजकूर बदलू शकतो, आणि मजकूर मुळात कोणी लिहिला हे अनेकदा कळतच नाही. म्हणूनच अशा साधनाचा संदर्भ छापील ग्रंथाच्या संदर्भापेक्षा अधिक काळजीने द्यावा लागतो. प्रत्यक्षात मात्र एक लांबलचक दुवा चिकटवून काम संपले असे समजण्याची रीत पडली आहे.

खानदेशाला या विषयाची परंपरा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी आयुष्याची अखेरची वर्षे धुळ्यात काढली आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यानंतर १९२७ मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड राजवाड्यांनी १८९८ मध्ये प्रसिद्ध केला, आणि त्या मालेत प्रत्येक कागदाला स्वतंत्र क्रमांक, म्हणजे लेखांक, देण्याची पद्धत आहे. त्यामुळे आजही अभ्यासक ‘राजवाडे, अमुक खंड, अमुक लेखांक’ एवढीच नोंद करतो आणि दुसरा अभ्यासक त्या एका ओळीवरून नेमक्या पत्रापर्यंत जातो. खंडाचे पुनर्मुद्रण झाले, पृष्ठांची जुळणी बदलली, तरी लेखांक बदलत नाही. साधन कोठे ठेवले आहे यापेक्षा ते कोणते आहे हे सांगणारी खूण अधिक टिकाऊ असते, हे तत्त्व या पद्धतीत आहे, आणि ऑनलाइन साधनांच्या संदर्भाचा सगळा विचार याच तत्त्वाभोवती फिरतो.

दुवा, म्हणजे संकेतस्थळावरील पानाचा पत्ता, हा केवळ ठिकाण सांगतो. संस्थेने संकेतस्थळ नव्याने बांधले, कार्यालयाने नाव बदलले किंवा वार्षिक शुल्क भरायचे राहून गेले, की तो पत्ता निकामी होतो. हे किती प्रमाणात घडते याची पाहणी झालेली आहे. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०१३ मध्ये अस्तित्वात असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडेनाशी झाली होती. त्याआधी हार्वर्ड विद्यापीठातील कायद्याच्या अभ्यासकांनी असे दाखवले होते की, त्या विद्यापीठाच्या नामांकित कायदेविषयक नियतकालिकांत दिलेल्या दुव्यांपैकी ७० टक्क्यांहून अधिक, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांत दिलेल्यांपैकी सुमारे निम्मे दुवे मूळ उद्धृत मजकुरापर्यंत नेत नव्हते. या दुसऱ्या पाहणीतील एक बारकावा महत्त्वाचा आहे. काही दुवे उघडत होते, पण तेथे आता वेगळाच मजकूर होता. न उघडणारा दुवा वाचकाला निदान सावध करतो. उघडून भलताच मजकूर दाखवणारा दुवा त्याची दिशाभूल करतो, आणि त्यापासून संरक्षण देण्याची जबाबदारी संदर्भ देणाऱ्या लेखकावरच येते.

त्यामुळे पूर्ण संदर्भात दुव्याखेरीज आणखी काही गोष्टी असाव्या लागतात: मजकुराचा कर्ता, मग तो व्यक्ती असो वा संस्था, त्या पानाचे, लेखाचे किंवा नोंदीचे शीर्षक, ते ज्या मोठ्या साधनाचा भाग आहे त्याचे नाव, मजकूर प्रसिद्ध झाल्याचा किंवा शेवटचा सुधारल्याचा दिनांक, आणि लेखकाने तो कधी पाहिला तो दिनांक. दुवा या सर्वांच्या शेवटी येतो. दुवा उद्या नाहीसा झाला तरी उरलेल्या माहितीवरून साधन दुसरीकडे शोधता यावे, ही या नोंदीची खरी कसोटी होय. कर्त्याचे नाव सापडत नसेल तर संस्थेचे नाव कर्त्याच्या जागी घालावे आणि दिनांक नसेल तर ‘दिनांक नाही’ असे स्पष्ट लिहावे. कर्ता, दिनांक आणि संस्था या तिन्ही गोष्टी सापडत नसतील, तर अडचण संदर्भ लिहिण्याच्या पद्धतीत नसून साधनातच आहे असे समजावे आणि त्या मजकुरावर विधान उभे करू नये.

संदर्भाच्या अभावी काय घडते याचे जळगाव जिल्ह्यातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी यांची जन्मतारीख. जळगावजवळच्या असोदा गावी १८८० मध्ये त्यांचा जन्म झाला आणि ३ डिसेंबर १९५१ रोजी त्यांचे निधन झाले, याविषयी मतभेद नाही. जन्माच्या तारखेबाबत मात्र ऑनलाइन लेखनात ११ ऑगस्ट १८८० आणि २४ ऑगस्ट १८८० अशा दोन तारखा आढळतात, आणि अनेक लेखांत २४ ऑगस्ट ही तारीख देतानाच तो नागपंचमीचा दिवस होता असेही सांगितलेले असते. यांपैकी बहुतेक लेखांत तारीख कोठून घेतली याचा निर्देश नसतो. चंद्राच्या गतीचे गणित मांडले तर असे दिसते की, १८८० मधील श्रावणाच्या आरंभीची अमावास्या ६ ऑगस्टच्या सुमारास आणि श्रावणी पौर्णिमा २० ऑगस्टच्या सुमारास येते. नागपंचमी ही श्रावण शुद्ध पंचमी; ती त्या वर्षी १० किंवा ११ ऑगस्टच्या आसपासच पडू शकते. २४ ऑगस्ट हा दिवस पौर्णिमेनंतरचा, म्हणजे वद्य पक्षातला ठरतो. याचा अर्थ २४ ऑगस्ट आणि नागपंचमी ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. त्यांतले एक सोडावे लागते.

या गणिताने ११ ऑगस्ट ही तारीख सिद्ध होत नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. नागपंचमीची तिथी खरी धरली तर ११ ऑगस्टला बळ मिळते. २४ ऑगस्ट ही तारीख एखाद्या लेखी नोंदीवरून आली असेल तर कदाचित तिथीची आठवणच चुकलेली असेल. निर्णय करायचा तर प्रत्येक तारखेचा माग काढत मुळापर्यंत जावे लागते, आणि नेमके तेच आज करता येत नाही, कारण एका पानाने दुसऱ्यावरून, दुसऱ्याने तिसऱ्यावरून तारीख उचलली आणि कोणीही आपले साधन नोंदवले नाही. शंभर ठिकाणी आढळणारी तारीख शंभर साक्षीदारांनी सांगितलेली असतेच असे नाही. ती एकाच साक्षीदाराची शंभर वेळा झालेली नक्कल असू शकते, आणि हा फरक ओळखण्याचे संदर्भाखेरीज दुसरे साधन नाही. शालेय भाषणापासून संशोधन-निबंधापर्यंत कोठेही ही तारीख लिहिताना ती कोणत्या ग्रंथावरून किंवा कोणत्या संस्थेच्या कोणत्या नोंदीवरून घेतली हे लिहिणे, आणि दुसरी तारीखही आढळते हे एका तळटिपेत सांगणे, एवढे केले तरी पुढच्या अभ्यासकाचे काम सुकर होते.

ऑनलाइन साधनांचा एक मोठा वर्ग असा आहे की तो मुळात ऑनलाइन नसतो. जुने ग्रंथ, कोश आणि दर्शनिका, म्हणजे गॅझेटिअर, छापल्यानंतर अनेक दशकांनी संकेतस्थळावर चढवलेले असतात. अशा साधनाला दोन दिनांक असतात: मजकूर लिहिला गेल्याचा आणि तो पडद्यावर आल्याचा. संदर्भात पहिल्याला प्राधान्य द्यावे लागते. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे धुळे जिल्ह्यातील पिंपळनेरचे. विश्वकोशाचे खंड आता संकेतस्थळावर वाचता येतात, पण तेथील एखाद्या नोंदीतील पिकांचे क्षेत्र किंवा गावाची लोकसंख्या ही खंड तयार झाला त्या काळातली असते. ‘विश्वकोश, २०२४ मध्ये पाहिले’ एवढेच लिहिले तर वाचक ते आकडे आजचे समजेल. म्हणून खंडाचा क्रमांक आणि त्याचे प्रकाशनवर्ष द्यावे, नोंदीचे शीर्षक द्यावे, आणि नोंदीच्या अखेरीस छापलेले लेखकाचे नाव अवश्य द्यावे. हे नाव शेवटी असल्यामुळे विद्यार्थ्यांकडून ते हमखास सुटते आणि एखाद्या जाणकाराने परिश्रमाने लिहिलेली नोंद निनावी होऊन बसते.

मुंबई इलाख्याच्या दर्शनिकेचा खानदेशावरचा बारावा खंड १८८० मध्ये, जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली, निघाला. रावेर परिसराचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला तो टाळता येत नाही, आणि आज तो ऑनलाइन दोन रूपांत मिळतो: एक पानांच्या छायाप्रतींच्या रूपात, दुसरा पुन्हा टंकलिखित केलेल्या मजकुराच्या रूपात. छायाप्रतीत मूळ पृष्ठक्रमांक दिसतो आणि मजकुरात फेरफार झालेला नसतो. टंकलिखित रूप शोधायला सोपे असते, पण त्यात आकड्यांच्या आणि गावांच्या नावांच्या चुका शिरण्याचा संभव राहतो आणि पृष्ठक्रमांक बहुधा हरवतो. शोध टंकलिखित प्रतीत घ्यावा, पण अवतरण छायाप्रतीवरून उतरवावे आणि पृष्ठक्रमांक तिचाच द्यावा, ही पद्धत उत्तम होय. नोंद साधारणपणे अशी होईल: ‘गॅझेटिअर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी, खंड १२, खानदेश, गव्हर्नमेंट सेंट्रल प्रेस, मुंबई, १८८०, पृष्ठ अमुक, दर्शनिका विभाग, महाराष्ट्र शासन यांच्या संकेतस्थळावरील प्रत, पाहिल्याचा दिनांक अमुक’, आणि त्यापुढे दुवा. प्रत दुसऱ्या संग्रहातून घेतली असेल तर त्या संग्रहाचे नाव लिहावे. प्रत्यक्ष ग्रंथ हाताळला नसताना तो हाताळल्याचा भास संदर्भातून होऊ देऊ नये.

याच खंडात ‘रावेर तालुका’ शोधणाऱ्याला तो सापडणार नाही, कारण १८८० च्या प्रशासकीय रचनेत हा भाग सावदा तालुक्यात मोडत होता. जुन्या साधनांतील स्थलनामांचा हा प्रश्न खानदेशात फार मोठा आहे. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पूर्व खानदेश पुढे जळगाव झाला आणि पश्चिम खानदेश धुळे झाला. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा निघाला. त्यामुळे १९९१ च्या आकड्यांतील ‘धुळे जिल्हा’ आणि २०११ च्या आकड्यांतील ‘धुळे जिल्हा’ हे दोन वेगळे प्रदेश आहेत. खुद्द ‘रावेर’ या नावाखाली ऑनलाइन मिळणारी आकडेवारी चार प्रकारची असते: रावेर शहराची, रावेर तालुक्याची, रावेर विधानसभा मतदारसंघाची आणि रावेर लोकसभा मतदारसंघाची. यांतला शेवटचा मतदारसंघ २००८ च्या पुनर्रचनेतून निर्माण झाला, २००९ मध्ये तेथे पहिली निवडणूक झाली, आणि त्यात चोपड्यापासून मुक्ताईनगरपर्यंतचे तालुकेच नव्हेत, तर बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूरही येते. आकड्याचा संदर्भ देताना तो कोणत्या रावेरचा आहे हे वाक्यातच स्पष्ट केले नाही, तर दुवा कितीही अचूक असला तरी वाचकाच्या हाती चुकीची माहिती पडते.

आकडेवारीच्या बाबतीत आवृत्तीचाही विचार करावा लागतो. २०११ च्या जनगणनेचे तात्पुरते आकडे ३१ मार्च २०११ रोजी जाहीर झाले आणि त्यांत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७२,९७२ होती. नंतरच्या अंतिम तक्त्यांत ती ११,२३,७४,३३३ झाली. दोन्ही आकडे सरकारी आहेत, दोन्ही आजही ऑनलाइन आढळतात, आणि दोन विद्यार्थ्यांनी दोन आकडे लिहिले तर दोघेही आपापल्या जागी ‘जनगणना २०११’ असाच संदर्भ देतील. ‘तात्पुरते’ किंवा ‘अंतिम’ हा एक शब्द संदर्भात असला की गोंधळ मिटतो. फरक तेराशे एकसष्टाचा आहे, तो लहान म्हणून सोडून देता येईल असे वाटण्याचा संभव आहे. पण संदर्भाचे काम फरकाचा आकार ठरवणे हे नसून फरक कोठून आला हे दाखवणे आहे.

आवृत्तीचा प्रश्न याहून गंभीर कसा होऊ शकतो हे महात्मा गांधींच्या समग्र वाङ्मयाच्या इतिहासात दिसते. रावेरला लागून असलेल्या यावल तालुक्यातील फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये, पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली, काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले, आणि त्याचा अभ्यास करणाऱ्याला गांधीजींची त्या काळातली भाषणे आणि पत्रे याच वाङ्मयात पाहावी लागतात. इंग्रजीतील मूळ शंभर खंड १९५८ पासून १९९४ पर्यंत प्रसिद्ध झाले. त्यानंतर सुधारित आवृत्ती आणि तिच्या जोडीने तबकडीवरील आवृत्ती निघाली. तिच्यात काही नोंदी गळल्या, क्रम बदलला आणि खंडांची विभागणी मूळ आवृत्तीशी जुळेनाशी झाली. अभ्यासकांनी याविरुद्ध आवाज उठवला आणि २००५ मध्ये भारत सरकारने सुधारित आवृत्ती मागे घेतली. दोन्ही मांडण्यांच्या प्रती मात्र ऑनलाइन पसरलेल्या आहेत. म्हणून ‘समग्र वाङ्मय, खंड ६४’ एवढा संदर्भ पुरेसा नाही. कोणती आवृत्ती, हे सांगितलेच पाहिजे, आणि पत्राची किंवा भाषणाची तारीख सोबत दिली तर खंडक्रमांक फसला तरी वाचक योग्य जागी पोहोचतो. साबरमती आश्रमाच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या गांधी हेरिटेज पोर्टलवर मूळ खंडांच्या छायाप्रती उपलब्ध आहेत, आणि संदर्भासाठी त्याच वापराव्यात.

सरकारी कागदांच्या बाबतीत महाराष्ट्रात एक चांगली सोय आहे आणि तिचा उपयोग होतो त्यापेक्षा अधिक व्हायला हवा. राज्य शासनाचा प्रत्येक शासन निर्णय संकेतस्थळावर प्रसिद्ध करताना त्याला संकेतांक दिला जातो, तो निर्णयाच्या अखेरीस छापलेला असतो, आणि त्याच्या सुरुवातीच्या अंकांतच वर्ष, महिना आणि दिवस येतो. हा संकेतांक म्हणजे राजवाड्यांच्या लेखांकाचा आजचा भाऊच. विभागाचे नाव, निर्णयाचा विषय, शासन निर्णय क्रमांक, दिनांक आणि संकेतांक एवढे दिले की दुव्याची गरज जवळजवळ उरत नाही. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या पत्रकांनाही असाच स्वतंत्र क्रमांक असतो.

एक उदाहरण घेता येईल. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि जून २०२१ मध्ये रावेर तालुक्यातील तांदलवाडी येथील शेतकऱ्यांची २२ टन मानांकित केळी दुबईला रवाना झाली, ही माहिती असंख्य बातम्यांत आणि चित्रफितींत आढळते. पण तिचे मूळ केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाच्या पत्रकात आहे, आणि मानांकनाचे मूळ चेन्नईच्या भौगोलिक निर्देशन नोंदणी कार्यालयाच्या दप्तरात. मूळ साधन एका टिचकीच्या अंतरावर असताना त्याची तिसरी नक्कल उद्धृत करणे हा आळस आहे, आणि परीक्षकाने तो तसाच मानावा. मूळ साधन खरोखरच मिळत नसेल, तर ‘अमुक यांनी उद्धृत केल्यानुसार’ असे लिहून प्रत्यक्षात जे वाचले त्याचाच संदर्भ द्यावा.

संशोधन नियतकालिकांतील लेखांसाठी जगभर डीओआय हा कायमचा क्रमांक वापरला जातो. तो १० या अंकांनी सुरू होतो, प्रकाशकाने संकेतस्थळ बदलले तरी तो बदलत नाही, आणि तो उपलब्ध असेल तेव्हा साध्या दुव्याऐवजी तोच द्यावा. भारतीय विद्यापीठांतील पीएचडी प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात ठेवले जातात; तेथेही प्रत्येक प्रबंधाला १०६०३ या अंकांपासून सुरू होणारा स्थिर पत्ता असतो. खानदेशातील प्रबंधांबाबत एक खबरदारी घ्यावी लागते. जळगावचे विद्यापीठ १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ या नावाने स्थापन झाले आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. नामविस्तारापूर्वी सादर झालेल्या प्रबंधाच्या मुखपृष्ठावर जे नाव आहे तेच संदर्भात लिहावे आणि आजचे नाव हवे तर कंसात जोडावे; जुन्या प्रबंधाला नवे नाव चिकटवले की वाचक चुकीच्या वर्षांत शोध घेत राहतो.

काही पाने स्वभावतःच बदलती असतात. केळीच्या रोजच्या भावाचे पान, धरणातील पाणीसाठ्याचे पान, मुक्त ज्ञानकोशातील नोंद ही सगळी या वर्गात मोडतात. येथे पाहिल्याचा दिनांक ही औपचारिकता राहत नाही, तो संदर्भाचा कणा होतो. भावाच्या बाबतीत तर बाजार समितीचे नाव आणि भावाचा दिवसही लागतो, कारण रावेरचा भाव आणि बऱ्हाणपूरचा भाव एक नसतो. मराठी विकिपीडियावर प्रत्येक नोंदीचा बदलांचा इतिहास जपलेला असतो आणि विशिष्ट दिवशीच्या मजकुराचा कायमस्वरूपी दुवा तेथेच मिळतो, तो द्यावा. मात्र अशा नोंदीचा खरा उपयोग तिच्या तळाशी दिलेल्या संदर्भांपर्यंत जाण्यासाठी करावा, कारण ती स्वतः कोणत्याही विधानाचा अखेरचा आधार होऊ शकत नाही. इतर पानांसाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेची वेबॅक मशीन ही सेवा उपयोगी पडते. १९९६ पासून ही संस्था पानांच्या प्रती साठवत आली आहे, आणि कोणालाही एखाद्या पानाची आजची प्रत तेथे जतन करता येते. महत्त्वाचे पान वाचताच त्याची प्रत जतन करावी आणि मूळ दुव्यासोबत जतन केलेल्या प्रतीचाही दुवा द्यावा. हे काम मिनिटभराचे आहे, आणि स्थानिक संस्थांच्या, ग्रामपंचायतींच्या आणि छोट्या वृत्त-संकेतस्थळांच्या पानांसाठी ते विशेष आवश्यक आहे, कारण सर्वांत आधी तीच नाहीशी होतात.

वृत्तपत्रांच्या बाबतीत ई-पेपर आणि संकेतस्थळावरील बातमी या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. ई-पेपर छापील अंकाची प्रतिकृती असतो, म्हणून त्याच्या संदर्भात आवृत्ती आणि पृष्ठक्रमांक लिहावा; जळगाव आवृत्तीच्या चौथ्या पानावरची बातमी नाशिक आवृत्तीत असेलच असे नाही. संकेतस्थळावरील बातमी नंतर सुधारली जाऊ शकते, म्हणून तिथे दिनांकाबरोबर ‘सुधारित’ असा शेरा असल्यास तोही नोंदवावा. चित्रफितीतून घेतलेल्या विधानासाठी वाहिनीचे नाव, शीर्षक आणि दिनांकाबरोबर ते विधान कितव्या मिनिटाला येते हे लिहावे. समाजमाध्यमांवरून पुढे ढकलल्या जाणाऱ्या निनावी संदेशाचा संदर्भ देताच येत नाही, आणि म्हणून तो आधार म्हणून वापरताही येत नाही.

या सर्व घटकांचा क्रम कसा असावा, विरामचिन्हे कोठे द्यावीत, याबाबत एपीए, एमएलए, शिकागो अशा पद्धती प्रचलित आहेत, आणि त्या मूळच्या इंग्रजी लेखनासाठी तयार झालेल्या आहेत. मराठीसाठी सर्वमान्य झालेली एकच पद्धत नसल्याने विद्यापीठाने किंवा नियतकालिकाने जी नेमून दिली असेल ती पाळावी, नेमून दिलेली नसेल तर एक निवडावी आणि लेखनाच्या अखेरपर्यंत तीच ठेवावी. क्रमाचा प्रश्न मराठी मार्गदर्शनात वाजवीपेक्षा अधिक जागा खातो. स्वल्पविराम चुकल्याने वाचकाची वाट चुकत नाही. आवृत्ती किंवा दिनांक गाळल्याने ती निश्चित चुकते.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविषयी नियम केले, आणि त्यांनुसार प्रबंधातील दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य किरकोळ मानले जाते, त्यापुढे चाळीस आणि साठ टक्क्यांच्या टप्प्यांवर कारवाई कडक होत जाते. योग्य श्रेय देऊन घेतलेली अवतरणे आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळली जातात. या नियमांचा एक अनिष्ट परिणाम असा झाला की, अनेक विद्यार्थी संदर्भाकडे साम्याची टक्केवारी उतरवण्याचा उपाय म्हणून पाहू लागले आणि दुसऱ्याचा विचार शब्द बदलून, संदर्भ न देता, लिहू लागले. शब्द बदलले तरी विचार उसनाच राहतो आणि त्याचे श्रेय द्यावेच लागते. साम्य मोजणाऱ्या यंत्राला ही उसनवारी सापडली नाही, तरी जाणत्या मार्गदर्शकाला ती सापडते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी यात नवी भर घातली आहे. ही साधने मागितल्याबरोबर संदर्भसूची तयार करून देतात, तिच्यातील नावे, वर्षे आणि पृष्ठक्रमांक अस्सल दिसतात, आणि त्यांतले काही ग्रंथ अस्तित्वातच नसतात. न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात २०२३ मध्ये वकिलांनी अशा साधनाने रचलेले, प्रत्यक्षात न झालेले खटले दाखले म्हणून सादर केले आणि त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. मराठी ग्रंथांविषयी ऑनलाइन माहिती मुळातच तोकडी असल्यामुळे या साधनांची चूक मराठीत अधिक संभवते आणि पकडली जाण्याची शक्यता मात्र कमी असते. जे पान स्वतः उघडून वाचलेले नाही त्याचा संदर्भ देऊ नये, हा जुनाच नियम येथे पुरेसा आहे. साधनाने तयार केलेला मजकूर वापरला असेल तर साधनाचे नाव, दिनांक आणि वापराचे स्वरूप उघडपणे नोंदवावे.

शेवटची अडचण देवनागरी दुव्यांची आहे. मराठी शीर्षक असलेल्या पानाचा पत्ता ब्राउझरमध्ये मराठीत दिसतो, पण उतरवून चिकटवला की त्याच्या जागी टक्क्याची चिन्हे, रोमन अक्षरे आणि अंक यांची लांब माळ उमटते. देवनागरीतील प्रत्येक अक्षरचिन्ह, मग ते व्यंजन असो वा काना-मात्रा, संगणकात तीन घटकांनी साठवले जाते आणि प्रत्येक घटक अशा पत्त्यात तीन चिन्हे घेतो. ‘रावेर’ या शब्दात र, काना, व, मात्रा आणि र अशी पाच चिन्हे असल्याने एवढ्या लहान नावाचीही पंचेचाळीस चिन्हे होतात. छापील पानावर ही माळ वाचणाऱ्याला टंकित करता येत नाही आणि मुद्रितशोधकालाही तपासता येत नाही. पडद्यावर वाचल्या जाणाऱ्या प्रतीत दुवा शीर्षकामागे जोडावा, छापील प्रतीत संकेतस्थळाचे मुख्य नाव आणि पानाचे पूर्ण शीर्षक द्यावे, आणि दुव्याच्या लघुरूप सेवा वापरणे टाळावे, कारण ती सेवा बंद पडली की तिच्यावर अवलंबून असलेले सगळे संदर्भ एकाच दिवशी निकामी होतात.